एका सॉकेटच्या बारा खोल्या

झटका म्हणावा एवढा तो मोठा नव्हता. त्याला कुणी झटका म्हटलेलं ऐकलं असतं, तर खऱ्या झटक्यांनी पोट धरून हसून घेतलं असतं. दुपारी साडेतीनला ताईच्या स्वयंपाकघरात कप विसळायला म्हणून त्याने नळ सोडला, आणि डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांतून काहीतरी वर चढलं. मुंगी नव्हे, मुंगीची सावली. कोपरापर्यंत गेलं, तिथे जरा टेकलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आल्या वाटेने परत गेलं. पाणी वाहत राहिलं. कप हातातच होता. ओट्यावरचं ऊन जिथे होतं तिथेच होतं. तीस वर्षं वायरिंगच्या कामात काढलेल्या माणसाला असल्या पाहुण्यांचं अप्रूप नसतं. असे शेकडो त्याने येऊ दिले होते आणि जाऊ दिले होते. पण हे घर ताईचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं होतं, आणि या घराच्या भिंतींतली एकूण एक वायर त्याने स्वतःच्या हाताने ओढली होती.

“ताई, या नळाला काही लागतं का गं?”

“काय लागणार?”

“करंट. झिणझिणल्यासारखं.”

ताई पाठमोरी होती, डब्यात साखर भरत होती. ती वळली नाही. “भास झाला असेल तुला.”

“मला कसा भास होईल? मी वायरमन आहे.”

“म्हणूनच. शाळेतल्या बाईंना सुट्टीतसुद्धा गोंगाट ऐकू येतो, तसं. आण तो कप इकडे.”

त्याने पुन्हा नळाला हात लावला. या खेपेला काही आलं की नाही ते त्याला सांगता येईना, कारण आता हात वाट बघत होता, आणि वाट बघणाऱ्या हाताला कुणीही दार वाजवल्याचं ऐकू येतं. मग त्याने खिशातला टेस्टर काढला, तो साधा पेचकसासारखा, मुठीत इवलासा दिवा असलेला, आणि त्याचं टोक नळाला टेकवलं. दिवा लागला की नाही? खिडकीतून एवढं ऊन येत होतं की लागला असला तरी त्याला दिवा म्हणवेना. हाताने आडोसा केला तेव्हा आत काहीतरी तांबूस होतं. ते त्याच्या स्वतःच्या बोटांमधून गाळून आलेलं ऊनही असू शकलं असतं. शिवाय या टेस्टरचा दिवा पेटतो तो धरणाऱ्याच्या अंगातून वीज वाहून. म्हणजे साक्षीदार कोण, तर तोच. आणि सध्या संशय नेमका त्याच्यावरच होता.

ही गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. सहा महिने झाले, त्याच डाव्या हातात, त्याच दोन बोटांत, नळ नसताना, वायर नसताना, बसल्या जागी झिणझिण्या येत. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली होती, हातोडीने कोपर ठोकलं होतं आणि विचारलं होतं, “हात वर करून करायचं काम आहे का?” तीस वर्षं छताकडे तोंड करून जगलेल्या माणसाने यावर काय म्हणायचं? मानेतली शीर दबतेय, वाढेल, मग पकड जाईल, काम बदला, असं डॉक्टर म्हणाले. त्याने मान हलवली; तेवढ्यानेही बोटांत मुंग्या आल्या. म्हणजे आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक, नळात वीज होती, म्हणजे त्याने बहिणीच्या घरात मरण ओढून ठेवलं होतं. दोन, नळात काही नव्हतं, म्हणजे त्याचा हात गेला होता आणि हाताबरोबर धंदा. यातलं कुठलं बरं, हे त्याला ठरवता येईना. पुढच्या आठवड्यात ताईची मुलगी राहायला येणार होती, आणि तिची दोन वर्षांची पोर स्टुलावर उभी राहून याच नळाखाली तासन्‌तास वाट्या धूत बसायची.

“दोन दिवस या नळाचा गीझर बंद ठेव,” तो म्हणाला. “मी मशीन आणून तपासतो.”

“कसलं मशीन? टेस्टर आहे की तुझ्या खिशात.”

“तो नाही गं. मोठा टेस्टर. मल्टिफंक्शन. सगळं मोजतो. अर्थिंग, इन्सुलेशन, सगळं.”

“मग या छोट्याला काय नुसता खिशाला शोभा म्हणून ठेवलायस?”

त्याचं स्वतःचं मशीन चार महिन्यांपूर्वी शिडीवरून पडलं होतं. पडताना त्याने ते डाव्या हाताने धरलं होतं, असं त्याला स्पष्ट आठवत होतं. बोटांनी धरलं होतं. फक्त ते बोटांना कळलं नव्हतं. त्यानंतर तो उसन्या मशीनवर दिवस काढत होता, आणि उसनं मशीन देणारा मित्र आता फोन उचलताना आधी खोकत होता.

कामावर सगळे त्याला न्यूट्रल म्हणत. दोघे भांडायला लागले की हा मध्ये निमूट उभा राही, कुणाचीच बाजू घेत नसे, आणि घरी गेल्यावर ताप यायचा तो यालाच. हे नाव त्याच्या उस्तादाने ठेवलेलं. उस्ताद म्हणजे काय सांगावं! भिंतीला उलट्या हाताने स्पर्श करायचा. उलट्याच, कारण झटका बसला तर मूठ मिटते, आणि सुलट हात असला तर माणूस वायर धरूनच बसतो. तर असा उलटा हात लावून उस्ताद सांगायचा, ही वीज धरणावरची, ही कोळशाची. धरणाची गार लागते, म्हणायचा. एकदा म्हणे त्याने एका बंगल्याच्या भिंतीला हात लावून मालकाला सांगितलं होतं, तुमच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी दिवा लावून रडतंय. आणि खरंच रडत होतं. न्यूट्रलने या सगळ्यावर वीस वर्षं विश्वास ठेवला आणि पुढची दहा वर्षं ठेवला नाही. आता, ताईच्या जिन्यावरून उतरताना, डावा हात खिशात घालून, त्याला पुन्हा ठेवावासा वाटत होता. माणसाच्या हाताला भिंतीपलीकडचं कळत असेल, तर निदान नळाचं तरी कळायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मीटरवाल्या काकूंकडे गेला. काकूंचं दुकान म्हणजे एका लांब गल्लीच्या टोकाला जिन्याखाली घुसवलेली खोली. आत शिरताना डोकं वाकवावं लागे, म्हणून गिऱ्हाईक आल्या आल्या नमस्कार करतंय असंच वाटे. चारी भिंतींना फळ्या, फळ्यांवर जुनी मीटरं, काट्यांची, आकड्यांची, काही नुसत्या काचांची. काका होते तेव्हा ती दुरुस्त होत. काका गेल्यावर काकू नुसती विकत, पण विकण्याआधी प्रत्येक मशीन कानाशी धरून हलवत. आत काही वाजलं तर ते वरच्या फळीवर. वरची फळी नेहमी भरलेली असे.

“न्यूट्रलराव! किती दिवसांनी. तुमचं काय पडलं?”

“पडलंच, काकू. शिडीवरून.”

“तुम्ही की मशीन?”

“मशीन.”

“मग ठीक आहे. माणसाचे सुटे भाग मी ठेवत नाही.” त्यांनी टेबलावरचे कागद सरकवले आणि दोन मशीनं त्याच्यासमोर ठेवली. “आत्ता हीच दोन आहेत. बघा. घाई नाही.”

एक पिवळं होतं. इतकं स्वच्छ की आत्ताच आंघोळ करून आलंय असं वाटावं. पट्टा नवा, लीडा म्हणजे मोजायच्या वायरी त्याही नव्या, पाठीवर तपासणीचा ताजा शिक्का. दुसरं राखाडी. एक कोपरा उडालेला, एका लीडेला दोन ठिकाणी टेप गुंडाळलेली, पडद्यावर तिरका ओरखडा. बटणांवरची चिन्हं पुसली गेली होती. जिथे अंगठा जास्त वेळा पडला तिथे खळगा होता. त्याने आपला अंगठा त्या खळग्यात ठेवून पाहिला. बरोबर बसला नाही. त्या माणसाचा अंगठा मोठा होता.

“पिवळंवाले साहेब गाडीतून यायचे,” काकू म्हणाल्या. “मोठमोठ्या इमारती करायचे. आता दुसऱ्यांकडून करून घेतात. राखाडीवाला पायी यायचा. आता डोळ्यांनी दिसत नाही त्याला. त्याची सून देऊन गेली.”

त्याने रीतीप्रमाणे सुरुवात केली. काकूंच्या भिंतीवरच्या सॉकेटात आधी पिवळ्याची पिन घातली, बटण दाबलं. येणारा आकडा म्हणजे अर्थिंगच्या वाटेतला अडथळा; जितका लहान तितकी वाट मोकळी. शून्य पॉइंट एकवीस. मग राखाडीची. शून्य पॉइंट त्रेसष्ट. एकच सॉकेट, एकच भिंत, एकच काकू.

“आता?” काकूंनी विचारलं. त्यांना हे बघायला आवडत असावं.

क्षणभर त्याला वाटलं की हे असंच असणार. दोन मशीनं, दोन भिंती. जो जे मशीन घेईल त्याला त्या मशीनची भिंत मिळणार. पिवळं घेतलं तर ताईचा नळ नुसता नळ, राखाडी घेतलं तर मरण. पण तीस वर्षांची सवय हातात होती, हात बधिर असला तरी. त्याने पिवळ्याच्या लीडांची दोन टोकं एकमेकांना टेकवली. इथे शून्य यायला हवं. आलं शून्याच्याही खाली. म्हणजे साहेबांच्या जुन्या, लांब लीडांच्या अडथळ्याची वजाबाकी अजून त्याच्या पोटात होती. ज्या लीडा कधीच फेकल्या गेल्या त्या हे मशीन प्रत्येक भिंतीतून अजून वजा करत बसलं होतं. त्याने बटण दाबून ती वजाबाकी पुसली, नव्याने शून्य केलं, पुन्हा सॉकेटात घातलं. बासष्ट. राखाडी त्रेसष्ट, पिवळं बासष्ट. दोघंही खरं बोलत होती. त्याला थोडं हायसं वाटलं आणि थोडी निराशाही, कारण आता निवड पुन्हा त्याच्यावरच आली.

“चहा सांगते,” काकू म्हणाल्या आणि बाहेर गेल्या. तो स्टुलावर बसून राहिला. जिन्यावरून कुणीतरी चढलं. पावलं त्याच्या डोक्यावरून, छातीवरून वर गेली. उगाच चाळा म्हणून त्याने राखाडी मशीनची मेमरी उघडली. रिकामी असेल असं वाटलं होतं. नव्हती. त्यात चारशेच्या वर नोंदी होत्या, आणि प्रत्येकीला नाव होतं. तीन बटणांनी एकेक अक्षर टाइप करावं लागत असल्यामुळे नावं तोकडी होती: जिना. मधली. मागची. आजी. आजी दोन. बाळ. त्याने अंगठ्याने खाली सरकवायला सुरुवात केली, आणि बघता बघता तो त्या घरांमध्ये शिरला. कसा ते सांगता येणार नाही. पायात चपला आहेत की नाहीत हे स्वप्नात जसं कळत नाही, तसा. जिना, शून्य पॉइंट एकेचाळीस. जिन्यावर कुणीतरी वाळत घातलेले मोजे. मधली, शून्य पॉइंट चव्वेचाळीस. इथे दार अर्धं लोटलेलं, आत कुणी झोपलंय, म्हणून माणूस टाचा उचलून चालतोय. आजी, दोन पॉइंट एक, फेल. पुढची नोंद वीस मिनिटांनंतरची: आजी, दोन पॉइंट शून्य, फेल. मग तासाने: आजी दोन, शून्य पॉइंट पन्नास. म्हणजे त्याने सॉकेट उघडला होता, काहीतरी घट्ट केलं होतं, जमलं नव्हतं, पुन्हा उघडला होता. आजी शेजारी बसून बोलत असणार. काय बोलत असणार? झालं का रे बाबा? झालं, आजी. मघाशीही असंच म्हणालास.

तो सरकवत राहिला. बाळ, फेल. बाळ, फेल. बाळ, फेल. तीन दिवस. मग एका संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी: बाळ, शून्य पॉइंट अडतीस. त्याच्यापुढे पाच मिनिटांनी पुन्हा तीच नोंद, तोच आकडा. पहिल्यांदा पास झाल्यावर माणसाने पुन्हा का मोजावं? विश्वास बसला नाही म्हणून. किंवा बसला, आणि तो आकडा पुन्हा एकदा बघावासा वाटला म्हणून. न्यूट्रलला त्या न पाहिलेल्या माणसाची पाठ दिसली. उकिडवा बसलेला, डोळे पडद्याच्या अगदी जवळ नेऊन. तेव्हापासूनच त्याला कमी दिसत असावं. चारशे नोंदींत सत्तावन्न फेल होत्या. एवढे फेल पुसून न टाकता कुणी जपून ठेवतं?

मग त्याने पिवळ्याची मेमरी उघडली. तिथे नावं सुरेख होती, पूर्ण लिहिलेली: बैठकीची खोली, शयनकक्ष एक, शयनकक्ष दोन. आकडे एकापेक्षा एक गोजिरे. शून्य पॉइंट चौतीस, पस्तीस, चौतीस, चौतीस, पस्तीस. एकही फेल नाही. त्याने वेळा वाचल्या. अकरा वाजून दोन मिनिटं पाच सेकंद, नऊ सेकंद, चौदा सेकंद, अठरा. चार सेकंदांत माणूस एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोचू शकतो, जर तो वारा असेल. नावं आधी भरून ठेवलेली. मग एकाच सॉकेटात पिन घालून, दाबा, ठेवा, दाबा, ठेवा. त्या दाबण्याची लय त्याच्या अंगठ्याला ओळखू आली, गाण्याची ओळखू यावी तशी, आणि मानेपासून कानापर्यंत काहीतरी गरम चढलं. या खेपेला ते कुठून आलं याबद्दल त्याला जराही शंका नव्हती.

नऊ वर्षांपूर्वीची दुपार होती. ताईच्या घराला नुकता रंग लागलेला, सामान यायचं होतं, घरभर ओल्या चुन्याचा वास. जमिनीवर उन्हाचे चौकोन पडले होते आणि ताई अनवाणी एका चौकोनातून दुसऱ्यात जात होती, कपाट कुठे, पलंग कुठे, हे हात पसरून मापत. मधूनच हाक मारायची, “अरे, इथे झोपलं तर पाय दाराकडे येतात का बघ!” तो दाराशेजारी रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसला होता. थकलेला नव्हता. घाई नव्हती. हेच तर त्याला नंतर कधी समजावून सांगता आलं नसतं: तो फार सुखात होता. आईवडील गेल्यावर याच बहिणीने त्याला मोठं केलं होतं, आणि तिच्या घरातली वीज त्याने ओढली होती, आणि उठावंसं वाटत नव्हतं. घरचंच तर काम. घरच्या माणसाचं काय तपासायचं? दाराजवळच्या सॉकेटात पिन होती. त्याने मशीन मांडीवर घेतलं, बारा नावं भरली, आणि अंगठा दाबला. टिंग. बाराव्या टिंगला ताई खिडकीतल्या चौकोनात उभी होती आणि तिच्या केसांवर चुन्याची धूळ होती. रिपोर्टवर त्याने सही केली ती सुंदर आली होती.

“काय ठरलं?” काकू दोन ग्लास घेऊन आल्या होत्या. “पिवळं दिसायला छान आहे. लीडा नव्या. मी तुमच्या जागी असते तर डोळे झाकून घेतलं असतं.”

“तेच,” तो म्हणाला. “डोळे झाकूनच घ्यावं लागेल.”

“म्हणजे?”

“काही नाही, काकू. हे राखाडी देता?”

“टेप लावलेलं? अहो, लोक काय म्हणतील?”

“लोकांना नाही मोजायचं.”

काकूंनी राखाडी मशीन उचललं, कानाशी नेलं, हलवलं. आत काही वाजलं नाही. “मेमरी पुसून देऊ का? काकांनी शिकवलं होतं. एक बटण धरून ठेवायचं.”

“नको,” तो इतक्या पटकन म्हणाला की काकूंनी ग्लास खाली ठेवला. पिवळं मशीन निर्दोष होतं. त्याचं शून्य त्याने स्वतः केलं होतं. पण ते घेतलं असतं तर त्याच्याबरोबर एक ओळखीचा माणूस घरी आला असता, आणि त्या माणसाबरोबर त्याला एकटं राहायचं नव्हतं. आंधळा झालेला तो दुसरा सोबतीला असलेला बरा. निदान आजपुरता.

ताईने दार उघडलं तेव्हा तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. “हा तुझा मोठा टेस्टर? हा तर माझ्यापेक्षा म्हातारा आहे.”

“ताई, मला सगळ्या खोल्या बघायच्यात. कपाटं सरकवावी लागतील.”

“सगळ्या? तुला तर नळ बघायचा होता.”

“सगळ्या.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा तो त्या घरातून एकेक खोली करून चालला. दाराशेजारचा सॉकेट, शून्य पॉइंट छत्तीस. हा जुना मित्र. बैठक, एकेचाळीस. ताईची खोली, इथे पलंग ओढावा लागला, आणि पलंगामागे धुळीत भाचीची एक जुनी पेन्सिल निघाली. त्रेचाळीस. एकेक नाव तो तीन बटणांनी टाइप करत होता, चुकत होता, डाव्या अंगठ्याने खोडत होता. ताई आधी बडबडत होती, मग नुसती मागोमाग येऊ लागली, प्रत्येक खोलीच्या उंबऱ्याशी थांबून. त्याला वाटत होतं की आपण पोहत आहोत, खूप खोल नसलेल्या पाण्यात, आणि प्रत्येक खोलीत तळाला पाय लागतोय. अकरा झाल्या. बारावं स्वयंपाकघर. गीझरचा सॉकेट नळाच्या वर, उजवीकडे. त्याने गीझरची पिन काढली, मशीनची घातली आणि बटण दाबलं.

मशीनने मोजलंच नाही. तांबडा दिवा लागला, आणि आकड्याच्या जागी नुसत्या तीन आडव्या रेघा. इथे अर्थिंग नाही. म्हणजे गीझरच्या अंगात थोडीफार जी वीज झिरपत असेल, तिला जमिनीत जायला वाटच नव्हती. ती पाइपातून नळाला येऊन हाताची वाट पाहत बसली होती.

तो खाली फरशीवर बसला. “ताई,” तो म्हणाला, “हे घर मी तपासलंच नव्हतं. त्या दिवशी दाराजवळ बसून एकाच सॉकेटाला बारा वेळा...”

“माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तू बसला होतास डब्यावर. टिंग टिंग वाजत होतं. मला वाटलं, बसल्या जागी होत असेल, आता सगळं बसल्या जागीच होतं.” तिने पदराला हात पुसले, हात कोरडेच होते. “मग राहायला आले, आणि तिसऱ्या दिवशी नळाशी मला मुंगी चावली.”

“नऊ वर्षं?”

“रोज नाही. पाय ओले असले की. रबरी स्लिपर घातली की नाही चावत. म्हणून मी इथे स्लिपर ठेवते.” तिने ओट्याखाली बोट दाखवलं. तिथे दोन जोड होते, एक मोठा, आणि एक इतका लहान की त्याच्या तळहातावर मावला असता.

“काल मी विचारलं तर भास म्हणालीस!”

“मग काय म्हणू? तुला किती अभिमान होता या घराचा. येईल त्याला बोर्ड उघडून दाखवायचास.”

“ताई, मेली असतीस की!”

“नाही मेले ना. ओरडू नकोस.”

त्याने मेन बंद केला. फ्रिजची घरघर थांबली आणि घर एकदम लांबचं वाटू लागलं. सॉकेटचे दोन स्क्रू काढले, पट्टी ओढली. हिरवी वायर तिथेच होती, दुमडून मागे सारलेली. तिचं तांबं उघडं केलेलं, इतकं चकचकीत की नऊ वर्षांत त्याला कुणी शिवलं नव्हतं. टाइल बसली की जोडू, असं म्हणून त्याने तिला मागे सारलं होतं. फक्त दोन स्क्रूंच्या अंतरावर. ताई वाकून बघत होती.

“ही?”

“ही.”

“एवढीच?”

तिचा स्वर असा होता की नऊ वर्षं जिला भ्यायली ती इतकी लहान निघाली याचंच तिला वाईट वाटलं असावं. त्याने वायर तिच्या जागी घातली, स्क्रू आवळायला घेतला. डाव्या हाताने धरता येईना, म्हणून दातांत धरावीशी वाटली. मग ताईने न विचारता ती दोन बोटांत धरली. मेन लावला. मशीन. शून्य पॉइंट सत्तेचाळीस. त्याने आधीची फेलची नोंद तशीच ठेवली, तिच्याखाली ही ठेवली, आणि पाच मिनिटं थांबून पुन्हा एकदा मोजलं. सत्तेचाळीस.

मग गीझर चालू केला, आणि तो काही म्हणायच्या आत ताईने स्लिपर काढल्या, नळ सोडून थोडं पाणी फरशीवर सांडलं, त्यात पाय ठेवले आणि वाहता नळ मुठीत धरला.

“काही नाही,” ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. याच तोंडाने तिने काल भास म्हटलं होतं. “खरं सांग.”

“काही नाही रे! तू लाव.”

त्याने पायमोजे काढले. तिच्या शेजारी ओल्या फरशीवर उभं राहून डावा हात नळावर ठेवला. आणि ते आलं. मधल्या दोन बोटांतून, सावकाश, कोपरापर्यंत. त्याने मशीनकडे पाहिलं. सत्तेचाळीस. त्याने नळावरचा हात काढला. झिणझिण्या सुटल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्याने हाताचं न ऐकता आकड्याचं ऐकलं, आणि ते ऐकताच सगळं स्वच्छ कळलं: घर बरं झालं होतं.

“मला लागतंय,” तो म्हणाला.

“अजून?”

“नळाला नाही लागत. हातच तसा आहे. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, काम सोडा.”

नळ वाहत होता, ताईने तो बंद केला नाही. मग तिने त्याचा डावा हात आपल्या दोन्ही ओल्या हातांत घेतला, आधी उलटा, मग सुलटा, आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली.

“सहा महिने,” ती म्हणाली. “आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू नऊ वर्षं सांगितलं नाहीस.”

“मी मोठी आहे,” ताई म्हणाली, आणि मधलं बोट जोरात दाबलं. “इथे कळतंय का?”

“नाही.”

“इथे?”

“थोडं.”

“थोडं म्हणजे किती? नीट सांग.”